तळकोकणातील चिरा-चुन्याचे छोटे घर: एका वास्तुरचना सेवेचे परीक्षण

सावंतवाडी तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जागेत चिरा (जांभा दगडाचा घडीव ठोकळा), चुना, बांबू आणि कौले वापरून बांधलेल्या छोट्या घराचे आराखडे, देखरेख आणि प्रत्यक्ष बांधकाम ज्या वास्तुविशारद जोडीने केले, त्यांच्या कामाचे हे परीक्षण आहे. घरात राहून पावसाळे अनुभवल्यानंतरच लिहायचे असे ठरवले होते, कारण नव्या कोऱ्या कौलारू घराची छायाचित्रे सुंदरच येतात आणि अशा घराची खरी परीक्षा आषाढात नैर्ऋत्येकडून येणारी झड घेते. कामात काही उणिवा राहिल्या आणि त्या पुढे स्पष्ट सांगितल्या आहेत, म्हणून त्यांचे नाव दिलेले नाही. नैसर्गिक साहित्यात बांधून देणारे गट आता कोकणात, पुण्याच्या आसपास आणि गोव्यात बरेच झाले आहेत. त्यांपैकी कोणाकडेही जाणाऱ्याला काय तपासावे आणि काय मागून घ्यावे हे यातून कळावे, एवढी अपेक्षा आहे.

आमची मागणी साधी होती. दोन माणसांना पुरेल असे ५६० चौरस फुटांचे घर, त्यात बैठकीची खोली, निजण्याची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, आणि दक्षिण व पश्चिम बाजूंना पडवी. आमच्या मनात मात्र मातीच्या भिंती होत्या. ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने दाबून तयार केलेल्या मातीच्या विटांचे जे काम इतकी वर्षे केले आहे, त्याबद्दल आम्ही पुष्कळ वाचले होते आणि तसेच घर आपल्याकडेही व्हावे असे वाटत होते. पहिल्याच बैठकीत या दोघांनी त्याला नकार दिला आणि नकाराची कारणे एकेक करून समजावली. त्या विटा पावसात टिकाव्यात म्हणून त्यांतही साधारण ५ टक्के सिमेंट मिसळावे लागते. त्या दाबण्याचे यंत्र आणि ते चालवणारी सरावाची माणसे आमच्या परिसरात नाहीत. आणि आमच्या जमिनीत तर थोडे खणले की जांभाच लागतो. पायाखाली दगड असताना दुसरीकडची माती आणून, चाळून, दाबून, सुकवून विटा पाडण्यात पैसा आणि इंधन दोन्ही अधिक लागले असते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात अनेक दशके हाच आग्रह धरला होता आणि घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे हे गांधीजींचे मत ते आवर्जून सांगत. ग्राहकाने जे मागितले तेच गोड करून विकण्याऐवजी स्थळ पाहून साहित्य ठरवणारा सल्लागार मिळणे ही या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे, आणि पुढील सगळे कौतुक तिच्यातूनच आलेले आहे.

कागदावर रेघ मारण्यापूर्वी त्यांनी जागा भर पावसात पाहिली. वरच्या बांधावरून पाणी कोठून येते, कोठे थबकते, वारा कोणत्या बाजूने घुसतो, सायंकाळचे ऊन कोठवर पोहोचते, या सगळ्याची नोंद करून त्यांनी घर आम्ही सुचवलेल्या रस्त्यालगतच्या सपाट तुकड्यावरून उचलून मागच्या उंचवट्यावर नेले. त्यामुळे गाडीची वाट लांबली, पण एकही फणस किंवा काजू तोडावा लागला नाही आणि पाणी जोत्याला न लागता बाजूने निघून जाते. जोते दोन फुटांहून उंच आहे, वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट आली आहे, आणि पागोळ्या जेथे पडतात तेथे खडी भरलेला चर आहे, जेणेकरून चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडू नयेत. जोते उंच आणि छप्पर रुंद, या दोन गोष्टी जुन्या कोकणी घरांत आपोआप असत. सिमेंटच्या घरांत त्या गळून पडल्या, आणि नैसर्गिक साहित्याच्या घरात त्यांच्यावाचून काहीही टिकत नाही.

आता चिऱ्याबद्दल. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने किंवा यंत्राने सहज कापता येतो आणि हवेत राहिल्यावर त्यातील लोहाच्या संयुगांमुळे घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अभ्यासकाने १८०७ मध्ये मलबारातील अंगाडीपुरमच्या दगडाचे वर्णन करताना हाच गुण नोंदवला होता. पण सगळा चिरा सारखा नसतो, आणि या बाबतीत आमच्या वास्तुविशारदांनी दाखवलेली चिकाटी मी जवळून पाहिली आहे. आमच्या जागेत आजेसासऱ्यांच्या वेळचे पडके घर होते. त्याचे चिरे त्यांनी एकेक सोडवून घेतले, प्रत्येकावर हातोडीचा दांडा मारून आवाज ऐकला आणि तीन ढीग केले: खणखणीत वाजणारे भिंतींसाठी, बद्द वाजणारे गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी), आणि ज्यांच्यात पांढऱ्या-पिवळ्या चिकणमातीचे गोळे होते ते पायवाटेखालच्या भरावासाठी. हे करता आले याचे कारण ते जुने घर मातीच्या दर्ज्यांत (दगडांमधील सांध्यांत माती भरून) बांधलेले होते. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा ठोकला की अखंड सुटतो. सिमेंटमध्ये बसवलेला काढायला गेले तर सिमेंट राहते आणि चिरा फुटतो. म्हणजे आज आमच्या भिंतीत असलेला दगड आमच्या नातवंडांच्या घरातही लागू शकतो. शाश्वत हा शब्द हल्ली कोणत्याही मालाला चिकटवला जातो, पण त्याचा मला पटलेला अर्थ हाच आहे.

भिंतींचा निम्म्याहून अधिक चिरा असा जुना निघाला. उरलेला खाणीतून आणावा लागला, आणि तेथे या दोघांनी आम्हाला खाण दाखवायला नेले. निसर्गाच्या जवळचे म्हणून आपण जे साहित्य घेतो त्यामागे उघडा पडलेला सडा (जांभ्याचे पठार) आणि पाणी साचलेले चौकोनी खड्डे असतात, हे ग्राहकाने पाहिलेच पाहिजे. कोकणातील सडे म्हणजे ओसाड कातळ नव्हेत. पावसाळ्यात त्यांच्यावर जी वनस्पती उगवते तिच्यातील काही जाती दुसरीकडे आढळत नाहीत, आणि रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पे याच जांभ्यावर कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत घेण्यात आली. म्हणून छोटे घर आणि जुन्या चिऱ्याचा पुनर्वापर, या दोन्हींचा आग्रह वास्तुविशारदांनी धरला तो केवळ खर्चासाठी नव्हता. निजण्याच्या खोलीची लांबी त्यांनी दीड फुटाने कमी केली तेव्हा आम्ही नाराज झालो होतो; खाण पाहून आल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

या घरात सिमेंट अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे असे मला वाटते. जोत्याच्या पातळीला आणि दारे-खिडक्यांच्या वर लोखंडी सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरवलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुतेक मातीच्या दर्ज्यांतल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची जड धाबी अंगावर कोसळून गेली. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंफणारे लांब दगड नव्हते, आणि चार भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा नव्हता. त्यानंतर मराठवाड्यात दगड-मातीच्या घराबद्दल जी धास्ती बसली ती समजण्यासारखी आहे. पण दोष साहित्यापेक्षा बांधणीचा अधिक होता. मातीच्या बांधकामाला भूकंपात टिकाव कसा द्यावा यासाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक आहे, आयएस १३८२७, तेही १९९३ चेच. आमच्या वास्तुविशारदांनी संरचना अभियंत्याकडून हिशेब करून घेतला आणि त्याची सही असलेला नकाशा आमच्या हाती दिला. कोयनेचा १९६७ चा भूकंप माहीत असलेल्या मुलुखात अशा सहीवाचून कोणी दगडी घर बांधून देत असेल, तर ते घेऊ नये.

न्हाणीघरावर पाण्याची टाकी ठेवायची होती, म्हणून तेवढ्या भागावर स्लॅब आहे. तो बेकर यांच्या पद्धतीने कौले भरून केला आहे. स्लॅबच्या खालच्या अंगातले काँक्रीट सळ्यांना धरून ठेवण्यापलीकडे फारसा भार पेलत नाही, त्यामुळे सळ्यांच्या मधल्या चौकटीत जुनी मंगळुरी कौले जोडीने ठेवून काँक्रीट वाचवता येते. खालून कौलांची नक्षी दिसते, गिलावा करावा लागत नाही, आणि जुन्या घराची पिचकी नसलेली पण रंग उडालेली कौले कामी आली.

चुन्याचे काम हा या घराचा आत्मा आहे आणि मनस्तापही तेथेच झाला, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. चुनखडी किंवा शिंपले साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजले की चुनकळी मिळते. तिच्यात पाणी गेले की ती उकळून फुटते. आणि तो विरवलेला चुना भिंतीवर लागल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीच होतो. सिमेंटचे क्लिंकर (दळण्यापूर्वीचे भाजलेले खडे) करायला भट्टी साधारण १४५० अंशांपर्यंत न्यावी लागते, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातील ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. चुना भाजतानाही धूर आणि वायू निघतोच, त्यामुळे तो निष्पाप नाही. मात्र निघालेल्यातील काही भाग तो भिंतीवर बसून परत घेतो. आमच्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व दुसरेच आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओल पितो आणि ती ओल त्याला परत सोडायची असते. वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंग चढवला की ती आत कोंडते, श्रावणात पोपडे सुटतात आणि गणपतीत घरोघर भिंती खरवडण्याचे काम निघते. चुना ओल बाहेर जाऊ देतो. आमच्या बाहेरच्या भिंती उघड्या चिऱ्याच्या असून दर्जा चुन्याने भरलेल्या आहेत, आत चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी आहे, आणि पावसाळ्याअखेर कपाटामागच्या भिंतीवर हात फिरवला तरी ती दमट लागत नाही.

चुनकळी आली त्या दिवशी टाकीत आधी पाणी आणि मग चुनकळी हा क्रम गवंड्यांनी कसोशीने पाळला. पाणी खदखदू लागले, वाफ उठली, आणि कोणीही चष्म्याशिवाय, रबरी हातमोज्यांशिवाय टाकीजवळ जायचे नाही असा वास्तुविशारदांचा सक्त नियम होता. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे मजुरांना समजावून सांगण्यात त्यांनी घालवलेला वेळ मला कामाचा भाग वाटला. थंड झालेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली मुरत ठेवला, आणि काही आठवड्यांनी तो लोण्यासारखा मऊ झाल्यावरच वापरला. तोपर्यंत पडक्या घराच्या उरलेल्या भिंतीवर त्यांनी नमुन्याचे चौकोन करून ठेवले: एकात चुना आणि वाळू, एकात सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) मिसळलेली, एकात हिरड्याचे पाणी आणि गूळ. प्रत्येकाखाली कोळशाने प्रमाण लिहिलेले होते. महिन्याभराने आम्हाला हातात खिळा देऊन ओरखडे काढायला सांगितले. चुना-वाळूच्या चौकोनावर खिळा रुतला, सुरखीच्या चौकोनावर पुसट रेघ उमटली. गुळाबद्दल समाजमाध्यमांवर जे चमत्कार सांगितले जातात ते आमच्या चौकोनात दिसले नाहीत. गुळामुळे मिश्रण थापीखाली सुरेख सरकते असे गवंडी म्हणाले, आणि तेवढ्यासाठी ते थोडे वापरले. अखेर एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू हे प्रमाण ठरले. कोणत्याही गटाने असे नमुने आपल्याच जागेवर, आपल्याच वाळूत करून दाखवले नाहीत तर गिलाव्याचे काम सुरू करू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

उणीव येथेच झाली. चिऱ्याचे काम रेंगाळले, छपराची लाकडे उशिरा आली, आणि आतला गिलावा जो फाल्गुनापूर्वी संपायचा होता तो वैशाखात सुरू झाला. वयाने ज्येष्ठ असलेले गवंडी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वैनीनू, चुन्याक घाई करून चलाचा नाय." तरीही वास्तुविशारदांनी पावसाळ्यापूर्वी घर ताब्यात देण्याच्या ओढीने काम पुढे रेटले. कडक उन्हात ओली गोणपाटे लावूनही पहिला थर वरून भराभर सुकला आणि आतून कच्चा राहिला. त्यावर दुसरा थर चढतो न चढतो तोच मृग लागला आणि हवेत इतकी आर्द्रता आली की तो घट्ट होईना. निजण्याच्या खोलीच्या एका भिंतीवर हात टेकला तर तळव्याला पांढरे पीठ लागत असे. दसऱ्यानंतर ती भिंत खरवडून पुन्हा करावी लागली. त्यांनी मजुरीचा खर्च स्वतः सोसला, साहित्याचा आम्ही दिला. दोष त्यांनी लगेच मान्य केला, सबबी सांगितल्या नाहीत, आणि दुसऱ्या वेळी थर पातळ ठेवून मधे पुरेसा अवधी दिला. ती भिंत आता घरातील सर्वांत चांगली भिंत आहे. पण अशा कामाला निघणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवावे की, चुन्याचे वेळापत्रक पंचांगाशी बांधलेले असते आणि दसरा ते माघ हाच त्याचा हंगाम आहे.

दुसरी उणीव विजेच्या कामाची. नळ्यांचे नकाशे भिंती उभ्या राहिल्यानंतर आले. सिमेंटच्या गिलाव्यात खाचा मारून त्या लपवता येतात. उघड्या चिऱ्याच्या, दर्जा भरलेल्या भिंतीत खाच म्हणजे जखम. बैठकीच्या दाराशेजारी दोन ठिकाणी ती दिसते. जेथे भिंतच अंतिम रूप असते, तेथे प्रत्येक बटण, दिवा आणि नळ बांधकामापूर्वी ठरलेला असायला हवा. ही गोष्ट नवख्या ग्राहकाला सुचणार नाही, ती सुचवणे वास्तुविशारदाचे काम होते.

छपराच्या बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. उतार साधारण ३० अंशांचा, जुन्या घराचे किंजळीचे आणि फणसाचे वासे तासून पुन्हा घातलेले, आणि वर मंगळुरी कौले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि त्यांचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत. आज कौले सोडून पत्रा घालण्याचे कोकणातील एक मोठे कारण माकडे आहेत. टोळी एकदा छपरावरून गेली की पाच-दहा कौले फुटतात, आणि ती बदलणारा माणूस वेळेवर मिळत नाही. या दोघांनी रिपांवर आधी सपाट छताची कौले आणि त्यांवर मंगळुरी कौले असा दुहेरी थर दिला. वरचे कौल फुटले तरी पाणी लगेच अंथरुणावर पडत नाही, खालच्या थरावरून वळचणीला जाते, आणि कौल बदलायला अवधी मिळतो. दोन थरांमधील हवेमुळे उन्हाळ्यात दुपारची धगही कमी जाणवते. शिवाय शंभरेक जादा कौले पोटमाळ्यावर रचून ठेवायला त्यांनी सांगितले, कारण पुढे त्याच मापाचे कौल मिळेलच असे नाही. पश्चिमेच्या पडवीच्या वाशांना ओळीने लोखंडी आकडे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर नारळाच्या चुडतांचे विणलेले झाप त्यांवर टांगले की झड अडते आणि दिवाळीला ते काढून टाकता येतात. आकड्यांची जागा आणि अंतर मूळ नकाशातच दाखवलेले होते. गावातील रीत नीट पाहून ती आराखड्यात आणणारा वास्तुविशारद असे काम करतो.

पोटमाळ्याची तक्तपोशी आणि स्वयंपाकघराची आडभिंत माणगा बांबूची आहे. माणगा भरीव असतो आणि तळकोकणात बांधावर मुबलक मिळतो. २०१७ च्या कायदेबदलानंतर वनाबाहेरच्या बांबूची तोड आणि वाहतूक यांतील अडचणीही कमी झाल्या आहेत. बांबूला बोरिक आम्ल आणि टाकणखार यांच्या द्रावणाची प्रक्रिया करून घेतली होती. हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे असा बांबू उघड्या पावसात लावला तर प्रक्रिया वाहून जाते आणि मग भुंगा लागतो. म्हणूनच बाहेरच्या कुंपणासाठी आम्ही बांबू मागितला तेव्हा त्यांनी गडग्याचाच सल्ला दिला. अद्याप कोठेही पीठ पडलेले दिसले नाही.

गारव्याबद्दल खरे तेच सांगावे. जाड भिंतीचे घर आपोआप थंड असते हे देशावर खरे आहे, कारण तेथे रात्री तापमान बरेच उतरते आणि भिंत रात्री थंड होऊन दिवसा तो गारवा देते. किनाऱ्यालगत मे महिन्यात रात्रही दमट आणि उबदार असते, तेव्हा जाड भिंतीचा उपयोग मर्यादित आणि वाऱ्याचा अधिक. वास्तुविशारदांनी हे आधीच सांगितले होते आणि त्याप्रमाणे समोरासमोर खिडक्या, त्रिकोणी भिंतींत चिऱ्याच्या जाळ्या आणि आढ्यापर्यंत उघडी बैठक अशी रचना केली. गरम हवा वरच्या जाळीतून निघून जाते. मे महिन्यात पंखा लागतो; वातानुकूलन यंत्राची गरज वाटलेली नाही. तीच जाळी पावसाळ्यात तुषार आत आणते, म्हणून नैर्ऋत्येकडच्या जाळीला आतून लाकडी झडप नंतर बसवावी लागली.

जमिनीबद्दल थोडक्यात: खोल्यांत तांबडा कोबा, पडवीत चिऱ्याच्या लाद्या, आणि अंगणातले खळे दर वर्षी पावसाळा सरला की चोपून शेणाने सारवायचे. संपूर्ण घर सारवायची माझी इच्छा होती, पण ते दर आठवड्या-पंधरवड्याने कोण करणार हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पन्हळीचे पाणी गाळण खड्ड्यातून विहिरीशेजारी मुरवले आहे. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पडवीसह आमचे छप्पर सुमारे ९०० चौरस फुटांचे, म्हणजे गळती-उडती वजा जाता दोन लाख लिटर पाणी जमिनीत जायला हवे. ते टाकीत साठवण्याचा महागडा सल्ला त्यांनी दिला नाही.

पैशांबाबत गैरसमज नको. नैसर्गिक साहित्य म्हणजे स्वस्त घर, ही समजूत आमच्या हिशेबात टिकली नाही. त्याच आकाराच्या काँक्रीटच्या घराला स्थानिक ठेकेदाराने जो आकडा सांगितला होता, त्याच्या जवळपासच आमचा खर्च गेला. फरक इतकाच की साहित्याचा वाटा कमी आणि मजुरीचा अधिक, आणि ती मजुरी गावातील गवंडी, सुतार आणि चिरे घडवणाऱ्यांच्या हातात गेली. जुना चिरा आणि जुने वासे नसते तर खर्च वाढलाच असता. वास्तुविशारदांचे शुल्क बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत होते. ही पद्धत मला पटली नाही, कारण छोट्या घरात आणि काटकसरीच्या रचनेत त्यांचे श्रम वाढतात आणि मोबदला घटतो. ठरावीक रक्कम आणि तिचे टप्पे अधिक न्याय्य ठरले असते. कर्जासाठी आलेल्या मूल्यांकनकर्त्याने चुन्याच्या बांधकामाबद्दल शंका काढल्या तेव्हा अभियंत्याच्या सहीचा नकाशा आणि खर्चाचे तपशीलवार अंदाजपत्रक त्यांनी स्वतः जाऊन समजावले, हेही नोंदवले पाहिजे.

देखभालीचा खर्च मात्र सुरुवातीच्या अंदाजपत्रकात नव्हता आणि तो असायला हवा होता. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले फेरणे, झाप विणून घेणे, दोन-तीन वर्षांनी सफेदी, जोत्याजवळ वाळवीची माती दिसते का हे पाहणे, पन्हळी साफ करणे, ही कामे आहेत आणि त्यांना माणसे लागतात. पहिल्या पावसाळ्यानंतर ते स्वखर्चाने येऊन घर तपासून गेले, त्या वेळी आमच्या मागणीवरून त्यांनी महिनावार कामांची वही करून दिली, आणि तिच्यात चुन्याचे, सुरखीचे प्रमाण आणि गवंड्यांचे संपर्कही आहेत. ही वही घराच्या किल्लीबरोबरच मिळायला हवी होती. शहरात राहून वर्षातून चार दिवस येणाऱ्यांनी असे घर बांधू नये. बंद घरातले कौल फुटलेले कोणाला दिसत नाही.

आमच्या जागेच्या खालच्या टोकाला जुना मांगर (शेतीच्या कामाचे छोटे घर) आहे, त्याची दुरुस्ती येत्या दसऱ्यानंतर काढायची आहे. ते काम याच दोघांना देणार आहोत. करारात या वेळी तीन कलमे जादा आहेत: शुल्क ठरावीक, विजेचे आणि पाण्याचे नकाशे पहिला चिरा बसण्यापूर्वी, आणि महाशिवरात्रीनंतर चुन्याचा नवा थर चढवायचा नाही, काम उरले तर ते पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबेल. तिन्ही त्यांनी मान्य केली आहेत.